हायड्रोजन खरंच स्वच्छ इंधन आहे का? लवकर सांगा

झिपरी:
घरात रोज वाद. नवरा म्हणतो, इलेक्ट्रिक गाडी म्हणजे शेवटी कोळशाचीच वीज, त्यापेक्षा हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबू, तिच्यातून नुसतं पाणी निघतं. बुकिंगवरची सूट रविवारी संपतेय. खरं काय ते सांगा, लिंका नकोत.

टवाळ_कार्टं:
कुठली गाडी? शहर? रोजचं रनिंग किती?

निवांत_काका:
सीएनजी घ्या. पंपावर रांगेत अख्खा पेपर वाचून होतो, हा जास्तीचा फायदा.

झिपरी:
काका, सीएनजीचं विचारलंच नाहीये. पुणे. ऑफिस येऊन-जाऊन ३५ किमी.

रिफायनरीवाला:
गाडीतून पाणी निघतं, कबूल. पण हायड्रोजन येतो कुठून? आपल्याकडे बहुतेक सगळा नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून काढतात. एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड प्लांटवरच हवेत जातो.

हरितक्रांती:
म्हणून तर ग्रीन हायड्रोजन, विजेने पाणी फोडून काढलेला! जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर झालंय. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. गडकरी २०२२ मध्येच टोयोटाच्या हायड्रोजन गाडीतून, मिरायमधून, संसदेत गेले होते.

रिफायनरीवाला:
वीज सौर किंवा पवन असेल तरच ग्रीन. ग्रिडची वीज वापरलीत तर किलोला ५०-५५ युनिट, म्हणजे ४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. वायूवाल्याच्या चौपट!

टवाळ_कार्टं:
आणि तेवढ्याच युनिटात बॅटरीची गाडी साडेतीनशे किमी जाईल, मिराय शंभरेक. साहेबांना कोळशाचा राग असेल तर त्यांची गाडी तिप्पट कोळसा खाणार. शिवाय इथे शोरूममध्ये ती मिळतेय कुठे?

पाना_पक्कड:
जुन्या पेट्रोल गाडीलाच पाण्यावरचं हायड्रोजन किट बसवा. अ‍ॅव्हरेज वाढतं.

रिफायनरीवाला:
पाणी फोडायला वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरतो पेट्रोलवर. कशाला लोकांना टोप्या घालता?

हरितक्रांती:
खत, पोलाद तिथे बॅटरी घालणार का? तिथे हायड्रोजनच लागेल.

रिफायनरीवाला:
लागेल की. बाई गाडीचं विचारतायत.

टवाळ_कार्टं:
झिपरी, पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट आहे ना?

झिपरी:
नाही. भाड्याचं घर. मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. ते महत्त्वाचं आहे का?

निवांत_काका:
काय म्हणत होतो मी?