मदत हवी आहे: आईसाठी रक्तातून कॅन्सर तपासणीचं पॅकेज घेऊ का? रविवारपर्यंत ठरवायचंय

रानजाई:
नमस्कार, घाईत लिहितेय. आई गावाहून पंधरा दिवसांसाठी पुण्यात माझ्याकडे आलीये. गेल्या वर्षी मावशी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. एका लॅबचं पॅकेज मिळतंय, सीए १२५, सीईए आणि आणखी चार-पाच मार्कर (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ), ६,८०० रुपये. ऑफर रविवारी संपते. करून घेऊ का? की याहून मोठं घ्यावं? आईला त्रास काहीच नाही. हो की नाही एवढंच सांगा, पण लवकर.

सह्यकडा:
वय? पाळी चालू आहे की गेली? आधी कधी तपासणी झालीये का? काही व्यसन? एवढं कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

भीमथडी:
मार्करमध्ये पैसे घालवू नका, सरळ पेट स्कॅन करा. माझ्या वडिलांचा केला, अंगात कुठे काय आहे ते एका दिवसात कळलं.

सह्यकडा:
@भीमथडी, वडिलांचं निदान आधी झालं होतं ना? पसरलाय का ते पाहायला स्कॅन केला असेल. धडधाकट माणसाला उगाच तेवढं रेडिएशन कशाला?

भीमथडी:
निदान झालेलं होतं, हो. तरीपण मनाची खात्री होते, त्याला काही किंमत आहे की नाही?

नमुना_काच:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते, म्हणून कळकळीने सांगते, हे पॅकेज घेऊ नका. सीए १२५ गर्भाशयात साध्या गाठी असल्या, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) असलं तरी वाढतं. सीईए तंबाखू ओढणाऱ्यांत एरवीही थोडं वर असतं. उलट कॅन्सर असूनही दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. हे मार्कर मुख्यतः उपचार चालू असलेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला असतात. आणि मावशींना जो कॅन्सर झाला तो तर यातून कळतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की तुम्ही निर्धास्त व्हाल, त्याचीच मला भीती वाटते.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. तपासणी कधीच नाही. व्यसन अजिबात नाही, आई माळकरी आहे, वारी करते. मग कोणती टेस्ट करू तेवढं सांगा ना.

चैत्रपालवी:
घरात मुली असतील तर आधी त्यांना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस द्या. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. आता पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅकही मिळते. माझ्या दोन्ही लेकींना दिली, एक दिवस दंड दुखला, बाकी काही नाही.

रानजाई:
मला मुलगी नाही हो. आईबद्दल विचारतेय.

पिवळी_शेवंती:
गाव कोणतं? आई मशेरी लावतात का?

रानजाई:
परांड्याजवळ. मशेरी लावते, सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री. पण आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात. ते व्यसनात धरतात का?

पिवळी_शेवंती:
धरायलाच हवं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की. मी दातांची डॉक्टर आहे. 'व्यसन आहे का' विचारलं की बायका नाही म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. म्हणून मी थेट डबी आहे का विचारते.
आज रात्रीच मोबाईलच्या टॉर्चने आईचं तोंड बघा. ओठांची आतली बाजू, हिरड्या, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट झोंबणं, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर थांबू नका. याला ६,८०० रुपये लागत नाहीत. केरळात मोठ्या अभ्यासात असंच नुसतं तोंड तपासलं, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

द्राक्षबाग:
तंबाखू तंबाखू करता, पण भाज्यांवर किती फवारणी होते त्यावर कुणी बोलत नाही. माझी आजी मशेरी लावून ९१ वर्षं जगली.

सह्यकडा:
फवारणीचा प्रश्न आहेच, वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे. पण देशातल्या कॅन्सरपैकी पाव हिश्शाहून जास्त तंबाखूशी जोडलेले आहेत. ज्या आज्या ५५ व्या वर्षी गेल्या त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

द्राक्षबाग:
आजीबद्दल सांगितलं ते खरं आहे, एवढंच. वेगळा धागा काढतो.

नमुना_काच:
रानजाई, परांडा म्हणालात म्हणून सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला होता, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. सारं जग त्याचा दाखला देतं आणि तो तुमच्या जिल्ह्यातला आहे.
आईंसाठी हीच चाचणी मागा. सरकारी केंद्रात ३० च्या पुढच्या बायकांची व्हीआयए करतात, ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरं होतंय का बघतात. पण पाळी गेल्यावर तो भाग आत सरकतो, नीट दिसत नाही. कधीच तपासणी न झालेल्या ५० ते ६५ च्या बायकांनी एचपीव्हीची चाचणी एकदा तरी करून घ्यावीच. सोबत प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरकडून स्तनांची हाताने तपासणी. मुंबईच्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या बायकांत तेवढ्यानेच स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले होते.

रानजाई:
आईला विचारलं. बार्शीच्या हॉस्पिटलची माणसं तेव्हा गावात आली होती म्हणाली. लाजेने ती आणि मावशी दोघीही शेतावर निघून गेल्या होत्या. मला हे आज कळलं.
आणि तोंड पाहिलं. डाव्या गालात आत, मशेरीचं बोट फिरतं तिथेच, जुन्या चवलीच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा आहे. पुसून जात नाही. तिखट कधीपासून झोंबतं म्हटल्यावर म्हणाली, 'दिवाळीपासून, पण त्यात काय सांगायचं.' मी पहिल्याच पोस्टमध्ये त्रास काहीच नाही लिहिलं होतं.

पिवळी_शेवंती:
घाबरू नका, असा प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो. पण तुकडा काढून तपासायचा का ते डॉक्टरने बघूनच ठरवावं. सोमवारी सकाळीच मोठ्या हॉस्पिटलच्या मुखरोग किंवा कान-नाक-घसा विभागात न्या. मशेरी आजपासून बंद.

रानजाई:
बंद कर म्हटलं तर म्हणते मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. खरंच नाही होत. रडायला आली.

ओव्याचं_पान:
माझ्या सासूबाईंचं हेच होतं. आम्ही रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, आणि हाताला चाळा हवा म्हणून भाजलेली बडीशेप दिली. सुपारी मात्र चुकूनही देऊ नका, ती स्वतंत्रपणे कॅन्सर करते. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड, डोकं दुखणं होतं, तेव्हा कुणीतरी जवळ हवं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, सासूबाई स्वतः बोलायच्या.

रानजाई:
पॅकेज रद्द. सोमवारचा नंबर लावलाय. एचपीव्हीसाठी मात्र 'बाईच डॉक्टर हवी, नाहीतर येणार नाही' म्हणते. आज बाकी सगळं सोडून मावशीबद्दलच बोलत बसलीये.

नमुना_काच:
बाई डॉक्टर मिळेल, अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. तरी नाहीच म्हणाल्या तर एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, तशी सोय आहे का विचारा. जागतिक आरोग्य संघटनेला ती पद्धत मान्य आहे.

पिवळी_शेवंती:
आणि सोमवारी जाताना मशेरीची डबी बरोबर न्या. दिवसातून किती वेळा, किती वर्षं, हे आईंना डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. काय म्हणाले ते इथे लिहा, मी वाट बघते.