घर बांधताना (किंवा बदलताना) तुमच्या कोणत्या सवयी नकाशात उतरल्या?

कडीकोयंडा:
काल माळा आवरताना घर बांधायच्या वेळची एक वही हाती लागली. आमच्या आर्किटेक्टबाईंनी पहिल्या भेटीत खोल्या किती हव्यात हे विचारलंच नव्हतं. "आठवडाभर घरात कोण, कधी, कुठे असतं आणि कशावरून चिडचिड होते ते लिहून आणा" म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे बघत बाहेर पडलो.

वहीत नवऱ्याच्या अक्षरात "६.०० बूट शोधणे", खाली "६.१० बूट शोधणे", आणि त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात "याचे बूट शोधणे". सगळ्यात मोठा धक्का म्हणजे दिवाणखान्यात आठवडाभर कोणी बसलेलंच नव्हतं! सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलत होते. मग दिवाणखाना निम्मा झाला आणि स्वयंपाकघराला लागून मोठं टेबल आलं. दारापाशी बसायला बाक, त्याखाली बुटांचे कप्पे, वर किल्ल्यांचे हूक. सासूबाई पहाटे चारला उठतात, त्यांची खोली आमच्यापासून सगळ्यात लांब आणि न्हाणीघर त्यांच्या खोलीतूनच, म्हणजे त्या उठल्या तरी घर झोपलेलं राहतं.

तुमच्याकडे असं काही केलंय का? बंगलाच हवा असं नाही, फ्लॅटमधली फोडाफोडही चालेल. भाड्याच्या घरातल्या युक्त्याही सांगा.

रात्रपाळी:
आयडीवरून कळलंच असेल. मी दिवसा झोपतो. खोली उत्तरेला घेतली, थेट ऊन फारसं येत नाही. शेजारच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर आख्खं कपाट बसवलं, कपडे आवाज बऱ्यापैकी खातात. खिडकीला दुहेरी काच लावली, खर्च केला, तरी आवाज येतोच. शेवटी सुतारानेच दाखवलं, दाराखाली बोटभर फट! रबरी पट्टी लावली आणि दार पोकळ होतं ते काढून भरीव बसवलं, तेव्हा कुठे झोप लागली. सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र बेल बंद करायचं बटण. दिवसा बेल बंद. नातेवाईक रागावलेत, हरकत नाही.

भुरटी मांजर:
बेलचं बटण!!! हे मला का सुचलं नाही

उंटाची मान:
ओटा. बाकी काही म्हणू नका, ओटा.
मी चांगली उंच आणि आयुष्यभर कोणा दुसऱ्याच्या मापाच्या ओट्यावर वाकून चिरत आले. नवीन घराच्या वेळी आमच्या आर्किटेक्टने टेबलावर विटा रचून वर फळी ठेवली, हातात सुरी दिली आणि "चिरा" म्हणाला. एकेक वीट काढत घालत माप काढलं. ढोबळ नियम असा की कोपर दुमडून उभं राहायचं आणि त्याच्या खाली १० ते १५ सेंमीवर ओटा. शेगडी त्याहून थोडी खाली, कारण भांड्याची उंची वर मिळते. सिंक मात्र उलट, त्याचा तळ काठापासून वीतभर खाली असतो आणि हात तळाशी चालतात, म्हणून काठ ओट्यापेक्षा वर हवा. आमचा ओटा तीन पायऱ्यांचा दिसतो. बघायला येणारे विचारतात, "लेव्हल चुकली का?"

चष्मिस:
+१ ओट्याला. पण नवरा बुटका असेल तर? तोही चिरतो ना?

उंटाची मान:
@चष्मिस, त्याच्यासाठी टेबल आहे. बसून चिरतो, मोबाइल बघत. त्यामुळे वेळेत काहीच होत नाही.

निवांत:
आमच्याकडे उलटं आहे. बिल्डरने घर दिलं आणि आम्ही स्वतःला त्या मापाचं करून घेतलं. वाचतोय, जळतोय.

टी_स्क्वेअर:
पेशाने आर्किटेक्ट, म्हणून थोडं अवांतर. घरातल्या कामाचा असा बारीक हिशेब जुनाच आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, बाईची पावलं आणि मिनिटं मोजून. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. काम झपाट्याने व्हायचं, पण दुसरं माणूस मदतीला आलं तर हालायला जागा नाही. एकटीने काम करायचं हे त्या मापातच पक्कं झालं होतं.

दुसरं टोक म्हणजे रेम कूलहास या डच वास्तुविशारदाने आखलेलं फ्रान्समधलं बोर्दोजवळचं घर, १९९८ चं. मालक अपघातानंतर व्हीलचेअरवर. साधं सपाट घर नको, गुंतागुंतीचं द्या, कारण आता तेच माझं जग असणार, अशी त्यांची मागणी होती. म्हणून घराच्या मधोमध ३ बाय ३.५ मीटरचा लिफ्टसारखा तराफा, तीन मजल्यांत वरखाली फिरणारा, आणि त्याला लागून उंचच उंच पुस्तकांची भिंत. तराफा ज्या मजल्यावर थांबेल तिथली खोली पूर्ण होते. काही वर्षांनी मालक गेले. मग त्या तराफ्याचं काय? माझ्याकडे कोणी "अगदी आमच्या मापाचं" मागायला आलं की मला हा प्रश्न आठवतो.

हळूच चाला:
व्हीलचेअर निघालीच आहे तर लिहिते, घाईत. बाबांना अर्धांगवायूनंतर चालता येईना. दारं ९० सेंमी मोकळी हवीत, म्हणजे चौकट धरून नव्हे, दार उघडल्यावर उरणारी जागा. वळायला दीड मीटरचं वर्तुळ. उतार १:१२, म्हणजे जोतं ४५ सेंमी असेल तर उतार ५.४ मीटर लांब! अंगणच संपलं आमचं.
आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतंच ठेवा, प्लीज. माणूस आत दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलताच येत नाही. आम्ही एकदा हे भोगलंय.
ठेकेदाराने नकाशात नसलेला उंबरा घातला, दोन सेंमीच. "एवढ्याने काय होतंय ताई?" म्हणाला. बाबांच्या खुर्चीची पुढची लहान चाकं तिथे अडायची आणि ते पुढे झुकायचे. घासून काढून घेतला. भिंतीला धरायचा दांडा लावायचा तर आतली भिंत भक्कम आहे ना, ते आधी बघा, नुसत्या टाइलवर ठोकू नका.

कडीकोयंडा:
हळूच चाला ताई, बाहेर उघडणारं दार... मी आत्ता उठून आमचं बघून आले. आत उघडतं. सासूबाईंच्या खोलीतलं. सुताराला फोन लावलाय.
बाबा कसे आहेत आता?

हळूच चाला:
बरे आहेत गं. रिमोट त्यांच्याच ताब्यात असतो, यावरून ओळख.

डावखुरी:
काही फ्रीजचं दार उलट्या बाजूने लावून मिळतं, बिजागऱ्या बदलून, हे किती जणांना माहीत आहे? भांडी निथळायची जागा सिंकच्या डावीकडे घेतली. पाहुणे मदतीला आले की पाच मिनिटांत वैतागून बाहेर बसतात. दोन्ही बाजूंनी फायदा.

घोरासुर:
लिहू की नको करत होतो. आम्ही नकाशातच दोन झोपायच्या खोल्या मागितल्या, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या, मध्ये दार. मी घोरतो आणि ती रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचते. आर्किटेक्ट गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "दादा, सगळं ठीक ना?" सगळं फारच ठीक आहे, दोघांची झोप होते! नातेवाइकांना ती "पाहुण्यांची खोली" म्हणून दाखवतो.

चष्मिस:
😂 😂 आयडी जबरी. आमच्याकडेही हवं, पण बोलणार कोण

जुनी विट:
टी_स्क्वेअर यांच्याशी सहमत. फार घट्ट मापाचं करू नका. आम्ही मुलांच्या दोन खोल्यांमधली भिंत वजन न पेलणारी ठेवली, दोन्हीकडे खिडकी, दिवे, दार वेगळं. मुलं शिकायला बाहेर पडली, भिंत काढली, आता एक मोठी खोली आहे. हिच्या शिलाईची मशीन्स, माझा पसारा. तळमजल्यावर एक खोली आणि शेजारी संडास-बाथरूम मात्र तेव्हाच करून ठेवलं, गुडघे काही विचारून दुखत नाहीत. भिंती पाडता येतात हो, जिना आणि पाण्याच्या लाइनी हलवायच्या म्हटलं की रडू येतं.

भुरटी मांजर:
आमच्या पोटमाळ्याच्या पायऱ्या नवऱ्याने "जागा वाचते" म्हणून फार उभ्या केल्यात. वापरते फक्त मांजर. तिच्या मते नकाशा उत्तम आहे.

टी_स्क्वेअर:
@भुरटी मांजर, पायऱ्यांसाठी जुनं सूत्र आहे, दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी (पाऊल ठेवायची जागा) साधारण ६० ते ६५ सेंमी यायला हवी. मोजून सांगा.

भुरटी मांजर:
मोजलं. उंची २३, रुंदी २०.

टी_स्क्वेअर:
२३ दुणे ४६ अधिक २०, म्हणजे ६६. सूत्रात जवळपास बसतंय, पण ती शिडी आहे, जिना नव्हे. २३ ची पायरी चढायला त्रास आणि २० वर उतरताना पाऊल पूर्ण मावत नाही. दोन्ही बाजूंना कठडा लावा.

भुरटी मांजर:
नवऱ्याला दाखवलं. तो म्हणतोय "बघ, सूत्रात बसतंय!" आता यापुढचं तो वाचतच नाहीये.

निवांत:
रात्रपाळी, ती दाराखालची रबरी पट्टी फरशीवर घासते का? आमच्याकडे कुत्रा आहे, चावून टाकेल अशी शंका आहे.

रात्रपाळी:
दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूने बसवतात, फरशीला जेमतेम टेकते. कुत्र्याचं नाही सांगता येणार. आत्ता झोपतो, उठल्यावर फोटो टाकतो.