सायकलचं वजन तुम्हाला नेमकं कुठे जाणवलं? इंदूरकरांनो, अनुभव सांगा

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो मोबाइलवर दोन फोटो घेऊनच. दोन्ही माउंटन बाइक, दोन्हींची चाकं २९ इंची. एक १६ किलोची, दुसरी १३ किलोची आणि किमतीत फरक २२ हजारांचा. "मामा, तीन किलोंसाठी इतके पैसे घालायचे का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं, कारण सहा वर्षं मी रोज सायकल चालवतोय.

माझी सायकल घेताना दुकानदार "एकदम हलकी आहे" एवढंच म्हणाला होता. भाचा गेल्यावर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला, अंगणातल्या पेरूच्या फांदीला बांधला आणि सायकल अडकवली. १७.२ किलो. मग चाकं काढून वेगळी तोलली. टायर, ट्यूब, ब्रेकची डिस्क, मागची गिअरची चकती धरून दोन चाकांचेच जवळजवळ सहा किलो. स्टँड, घंटी, बाटलीचा पिंजरा, कुलूप आणि सीटखालची पिशवी मिळून दीड किलोच्या वर. म्हणजे ज्या तीन किलोंचा हिशेब भाचा करत होता, त्यातले निम्मे मी स्वतःच्या हातांनी चढवले होते.

आता गणित. मी ७२ किलो, सायकल १६, पाणी-पिशवी ४, एकूण ९२. त्यातले ३ गेले तर सव्वातीन टक्के. सिमरोळच्या पुढे चोरलकडे उतरणारा घाट आहे, तो परत चढताना अर्धा तास लागत असेल तर एक मिनिट वाचेल. सपाट रस्त्यावर तेवढंही नाही, तिथे खरी झुंज वाऱ्याशी असते.

पण म्हणून वजनाला काही अर्थच नाही, असंही मला वाटत नाही. कुठेतरी ते जाणवतंच. तुम्हाला कुठे जाणवलं? कोणती सायकल, कोणता रस्ता, काय झालं, सविस्तर लिहा. भाच्याला हे सगळं वाचायला देणार आहे. (आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्याच्या वस्तीच्या नावाने. – राजेंद्र नगर)

विजय नगर, तिसरा मजला

मला रोज दोन वेळा जाणवतं, ५४ पायऱ्यांवर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि खालच्या पार्किंगमधून एका वर्षात दोन सायकली चोरीला गेल्या आहेत, त्यामुळे खाली ठेवायची माझी हिंमत नाही. ऑफिसमधून आठ-साडेआठला येते तेव्हा पायांत बळ उरलेलं नसतं. पहिली सायकल १६.५ किलोची होती, आता साडेतेराची आहे. मामांचं एक मिनिटाचं गणित बरोबर असेल, पण जिन्याच्या वळणावर तीन किलो म्हणजे खांदा दुखणं आणि न दुखणं एवढा फरक आहे.

नवीन मुलींसाठी एक गोष्ट. सायकल उजव्या खांद्यावर घ्या, डाव्या नाही. चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे ती बाहेर राहते. पहिले तीन महिने मी डाव्या खांद्यावर घेत होते आणि माझ्या चार कुडत्यांवर काळ्या तेलाचे पट्टे आले. आणि पुढचं चाक हँडलसकट डाव्या हाताने धरून ठेवा, नाहीतर ते वळणावर फिरतं आणि भिंतीला घासतं.

महू

माझा अनुभव जुलैमधला. पातालपाणीच्या अलीकडे सोयाबीनच्या शेतांतून एक गाडीवाट जाते, उन्हाळ्यात मी तिथून कितीदा तरी गेलो होतो. त्या दिवशी पाऊस थांबून दोन तास झाले होते, वर ऊन होतं, वाट वरून सुकल्यासारखी दिसत होती. आपली काळी माती कशी असते ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण "थोडंसंच आहे, निघून जाऊ" असं वाटलं.

दोनशे मीटरही गेलो नसेन. आधी टायरच्या गुट्ट्यांमधल्या, म्हणजे उंचवट्यांमधल्या, फटी भरल्या, मग टायर दुप्पट जाड दिसायला लागलं, मग माती पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत आणि मागे चेनजवळच्या बेचक्यात ठासून बसली. चाक फिरेचना. मी उतरून ढकलायला लागलो, तर ते घसटत चाललं. काडीने माती काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा काढायची. मग चूक केली. चढून जोरात पायडल मारलं. कट्ट असा आवाज झाला आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वर येऊन स्पोकमध्ये अडकला.

तुटला होता तो हँगर. डिरेलर ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. हे मला नंतर कळलं. आणि हेही की प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो. महूत मिळाला नाही, इंदूरला तीन दुकानांत मिळाला नाही, शेवटी मागवून घेतला, अकरा दिवस लागले. सायकल तेवढे दिवस उभी.

त्या दिवशी पाच किलोमीटर ती खांद्यावर आणि हाताने ओढत आणली. घरी तशीच, मातीसकट तोलली. २४ किलो. कोरडी असताना ती १५ची आहे. कुठे जाणवलं म्हणता, तर मला तिथे जाणवलं, आणि ते वजन कोणत्याही दुकानात लिहिलेलं नसतं.

आता दोन गोष्टी करतो. हँगरचा जोड सीटखालच्या पिशवीत असतो, वजन जेमतेम वीस ग्रॅम. आणि चेन कटर, म्हणजे चेनची खिळी काढायचं हत्यार. डिरेलर गेलाच तर चेन त्यातून सोडवून, आखूड करून एकाच गिअरवर जोडायची आणि घरी यायचं. हे एकदा घरी बसून करून बघा, रस्त्यावर पहिल्यांदा करायला जाऊ नका. पावसाळ्यात मी डांबरी किंवा मुरमाचाच रस्ता धरतो. काळ्या मातीच्या वाटा दिवाळीनंतर.

सुदामा नगर

बाभळीचे काटे. बायपासच्या पलीकडे कुठेही कच्च्यात उतरा, घरी येईपर्यंत एक चाक बसलेलं असतं. एकदा एका सकाळी तीन वेळा पंक्चर झालं, कारण मी दर वेळी ट्यूब बदलत होतो आणि काटा टायरमध्येच होता. शेवटी पंक्चरवाल्या काकांनी टायरच्या आत फडकं फिरवून दाखवलं. जिथे धागा अडकला तिथे काटा. "भिया, पेले दुश्मन को तो ढूंढो," म्हणाले. नुसतं बोट फिरवू नका, कापतं.

आणखी एक. आपल्या भागातल्या साध्या दुकानात २९ची ट्यूब बरेचदा नसते. अडल्यावर साडेसत्तावीसची ट्यूब थोडी ताणून २९च्या टायरात बसते, घरी पोचवते. पण स्वतःची एक जवळ ठेवाच. आणि वॉल्व्ह बघून घ्या, बारीक तोंडाचा असेल तर पेट्रोल पंपावरची नळी त्याला लागत नाही.

रामबाग

मी ६१ वर्षांची आहे. मुलाने पुण्याहून येताना माउंटन बाइक आणली, "आई, रुंद टायर आहेत, पडणार नाहीस" म्हणाला. पंधरा दिवसांत दोनदा पडले. चालवताना नव्हे, थांबताना. सिग्नलला उभी राहिले की सायकल एका बाजूला कलते आणि मग ती सावरत नाही. चालत्या सायकलचं वजन कळत नाही हो, थांबलेल्या सायकलचं कळतं.

दुसरं म्हणजे हात. नारायण बागेपर्यंत जाऊन आले की दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. मला वाटलं मानेचं काहीतरी आहे. डॉक्टरांनी तपासलं, मान ठीक होती. मग शेजारच्या मुलाने सायकल बघितली. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, म्हणून मी सारखी पुढे घसरत होते आणि सगळा भार तळहातांवर येत होता. त्याने सीट सपाट केली, हँडल दोन बोटं उंच केलं. आठवड्यात बोटं मोकळी झाली.

सीटची उंची त्याने अशी बसवली: सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. ती उंची चालवायला छान, पण थांबताना माझे पाय जमिनीला टेकेनात. म्हणून मी दोन सेंटिमीटर खाली घेतली आहे. गुडघ्याला थोडं कमी सोयीचं असेल, पण मला पडायचं नाही. माझ्या वयाच्या बायकांना सांगते, मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या, टायर कसलेही असोत. आणि चेनला कव्हर हवंच, माझी एक सलवार चेनमध्ये गेली आहे.

(काकू, तुमचं "थांबलेल्या सायकलचं वजन" भाच्याला तेव्हाच वाचून दाखवलं. हे माझ्या गणितात आलंच नव्हतं. – राजेंद्र नगर)

पलासिया

माझा अनुभव उताराचा. आम्ही चौघे महूवरून जाम गेटमार्गे महेश्वरला निघालो होतो. अहिल्याबाईंच्या त्या दरवाज्यापाशी चहा घेतला, खाली निमाड पसरलेला, आणि तिथून एकदम उतार सुरू होतो. माझ्या कॅरिअरवर दोन दिवसांचं सामान होतं, नऊ किलो. चढताना जो भार मुकाट्याने मागे ओढत होता, तोच उतारावर पुढे ढकलायला लागला.

मी ब्रेक दाबूनच ठेवला होता, सतत, हलकासा. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. चौथ्यावर ब्रेकची लिव्हर हँडलपर्यंत आली तरी वेग कमी होईना. रस्त्याच्या कडेच्या मुरमात घातली म्हणून थांबलो. डिस्कजवळ बोट नेलं तर दुरूनच धग लागत होती.

यात आणखी एक कारण होतं. आठवडाभर आधी ब्रेक किंचाळतो म्हणून मी एका दुकानात दाखवला होता आणि तिथल्या मुलाने डिस्कवर तेलाचा फवारा मारला. आवाज थांबला, मी खूश. तेल डिस्कला घासणाऱ्या ब्रेकच्या पॅडमध्ये मुरलं होतं. ब्रेकवर तेल कधीही, कुणालाही मारू देऊ नका. चेनला तेल घालतानासुद्धा मागच्या डिस्कवर कापड टाका. एकदा मुरलं की पॅड घासून बहुधा ठीक होत नाहीत, मी नवीन घातले आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली.

उताराला आता असं करतो: वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचे म्हणजे गार होतात. सतत चिमटीत धरायचे नाहीत. सायकल १३ची असो की १६ची, थांबवायचं असतं ते सगळं मिळून, आपल्यासकट, सामानासकट.

बंगाली चौराहा

कॉलेजला आहे. माझी जुनी सायकल दोन्हीकडे शॉकअपवाली होती, १९ किलो. मागचा शॉकअप पायडलबरोबर खाली-वर व्हायचा, अर्धी ताकद त्यातच जायची. कॉलेजचा रस्ता डांबरी आहे, मला त्याची गरजच नव्हती. आता पुढे फक्त शॉकअप आहे आणि तोही लॉक करून चालवतो. सगळ्यात मोठा फरक टायरने पडला. गुट्ट्यांचे काढून कमी नक्षीचे, थोडे बारीक टायर घातले, जोडीमागे अर्धा किलो कमी झाला आणि तो घूंऽऽ आवाज बंद. सिग्नल सुटल्यावर सायकल पटकन उठते. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट मोजलं जातं, हे आम्हाला फिजिक्समध्ये होतं, पण पायाला आता कळलं.

अन्नपूर्णा रोड

मुलांच्या सायकली तोलून बघा, ही कळकळीची विनंती. माझी मुलगी २२ किलोची, तिची २० इंची सायकल १२.४ किलोची निघाली. म्हणजे मी ४० किलोची सायकल चालवण्यासारखं. दोन महिने ती "दमले, दमले" म्हणायची आणि आम्ही तिला आळशी म्हणत होतो. मला अजून वाईट वाटतं. पुढचा शॉकअप नुसता दिसायला होता, तिच्या वजनाने तो दबतच नव्हता. साडेआठ किलोची, साध्या फोर्कची जुनी सायकल ओळखीतून मिळाली. त्या रविवारी ती सिरपूर तलावापर्यंत गेली आणि परत आली.

पाटणीपुरा

वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१मध्ये बंद पडली, तोवर रोज पाळीला त्याच काळ्या लोखंडी सायकलवर. ती अजून आहे, हे वाचून आज तोलली, २१ किलो, कॅरिअरसकट. माझी नवी १४ची. वडील दर रविवारी पट्टी घेऊन चेन मोजायचे. एका खिळीच्या मध्यापासून मोजायला लागायचं, नवी चेन असेल तर बरोबर १२ इंचांवर खिळीचा मध्य येतो. इंचाचा सोळावा भाग पुढे गेला की चेन बदलायची, नाहीतर दातेही खराब होतात. मी आजही तसंच करतो, नव्या सायकललाही पट्टी तीच लागते.

(राजेंद्र नगरहून पुन्हा. दादा, आज चेन मोजली, माझी पाव इंचाच्या जवळ पुढे गेली आहे. दाते हाताला टोचतात इतके अणकुचीदार झालेत. महूच्या दादांना विचारायचं आहे, हँगर मागवताना तुम्ही जुना तुकडा पाठवला होता की फ्रेमचा नंबर दिला होता? भाच्याने अजून सायकल घेतलेली नाही, दोन्ही सायकली चालवून बघायला आम्ही शनिवारी जातोय. रविवारी सकाळी साडेसहापासून पेरूखाली काटा टांगलेला असेल. ज्यांना आपली तोलायची आहे त्यांनी या, मुलांच्या सायकली आधी तोलू. पोहे आमच्याकडे.)