बाइटिया कॉलममधली मोठी फाइल: थोडासा बदल केला तरी सगळी पुन्हा लिहिली जाते का?

प्रश्न:
पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका टेबलमध्ये प्रत्येक ओळीत ४० एमबीची झिप फाइल बाइटिया (कच्चे बाइट साठवणाऱ्या) कॉलममध्ये आहे, शेजारी स्टेटसचा कॉलम. फाइल १-१ एमबीच्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकडा अपडेटने आधीच्या भागाला जोडला जातो. डिस्क झपाट्याने भरतेय. नुसता स्टेटस बदलला तरी अख्खी फाइल पुन्हा लिहिली जाते का?

उत्तर १:
स्टेटसमुळे नाही. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की पोस्टग्रेस मोठी व्हॅल्यू कॉम्प्रेस करून पाहतं. तरीही मावली नाही, तर जवळपास २००० बाइटचे तुकडे पाडून टोस्ट नावाच्या वेगळ्या, आतल्या टेबलमध्ये ठेवतं. मूळ ओळीत उरतो १८ बाइटचा पॉइंटर, म्हणजे ते तुकडे कुठे आहेत याची खूण. स्टेटस बदलला की ओळ नवी होते, पॉइंटर तोच राहतो.

खरं दुखणं जोडण्यात आहे. टोस्टमधला एखादाच तुकडा बदलायची सोय नाही, व्हॅल्यू बदलली की सगळे तुकडे नव्याने लिहावे लागतात. आधी १ एमबी, मग २, मग ३... ४० एमबीच्या एका फाइलसाठी एकूण ८२० एमबी! वॉलमध्ये (बदल आधी नोंदवणाऱ्या लॉगमध्ये) जवळपास तेवढेच पुन्हा. जुने तुकडे व्हॅक्यूम (निकामी डेटाची साफसफाई) होईपर्यंत जागा अडवतात, आणि साधा व्हॅक्यूम ती जागा सहसा डिस्कला परत देत नाही, फक्त पुन्हा वापरायला मोकळी करतो.

उत्तर २:
वरच्यात एक मेख आहे. ओआरएम (तुमच्या कोडसाठी एसक्यूएल बनवणारी लायब्ररी) स्टेटसबरोबर फाइलचा कॉलमही परत पाठवत असेल, तर बाइट तेच असले तरी पोस्टग्रेस ते ताडून बघत नाही आणि नवे तुकडे लिहितं. अपडेटमध्ये नेमके कोणते कॉलम जातात, ते आधी लॉगमध्ये तपासा.

उत्तर ३:
तुकड्यांसाठी वेगळं टेबल करा: फाइलचा आयडी, क्रमांक, डेटा. अपडेट नकोच, फक्त इन्सर्ट. मधले बाइट बदलायचे असतील तर लार्ज ऑब्जेक्ट घ्या, म्हणजे फाइल टेबलबाहेर ठेवून ओळीत फक्त तिचा आयडी ठेवायची पोस्टग्रेसची सोय. ते २ केबीच्या पेजमध्ये साठतं आणि बदललेली पेजेसच नव्याने लिहिली जातात. पण ओळ डिलीट केली तरी ऑब्जेक्ट मागे राहतं, त्यामुळे डिलीटवर आपोआप चालणारा ट्रिगर लावणं किंवा असे अनाथ ऑब्जेक्ट काढणारं व्हॅक्यूमएलओ चालवणं आलंच.

प्रश्नकर्ता:
वाचताना मधलेच १०० केबी लागतात. त्यासाठी?

उत्तर ३:
झिप पुन्हा कॉम्प्रेस करण्यात अर्थ नाही. कॉलमचं स्टोरेज एक्सटर्नल (कॉम्प्रेस न करता टोस्टमध्ये) करा, म्हणजे सबस्ट्रिंग फंक्शन हवे तेवढेच तुकडे उचलेल. ही सेटिंग नव्या व्हॅल्यूंनाच लागू होते. आधी कॉम्प्रेस झालेल्या जुन्या फाइली पुन्हा लिहाव्या लागतील.