लाइम रोगावरील अँटिबायोटिकसोबत वनौषधींची पूरके घ्यावीत का? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:

माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर गोचीड चावल्यानंतर काही दिवसांनी लाल, गोलाकार आणि रोज थोडाथोडा पसरत जाणारा चट्टा उठला व पाठोपाठ कणकण, अंगदुखी आणि कमालीचा थकवा सुरू झाला. डॉक्टरांनी चट्टा पाहूनच लाइम रोगाचे निदान केले आणि डॉक्सीसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दोन आठवडे घ्यायला सांगितली. गोळ्या सुरू आहेत आणि त्या सोडण्याचा त्याचा विचार नाही, हे आधीच स्पष्ट करते.

अडचण पुढेच आहे. आजाराविषयी वाचता वाचता त्याने पूरकांची एक यादी तयार केली आणि त्यातील सर्व काही मागवलेसुद्धा. जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ व कालमेघ या वनौषधींच्या कॅप्सूल, क्रिप्टोलेपिस या वनस्पतीचे टिंक्चर (अल्कोहोलमधला अर्क), लोह आणि जस्त असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी, रात्री पायांत गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम, पोटासाठी प्रोबायोटिक आणि मेलेल्या जंतूंचे विष शोषून घेण्यासाठी म्हणे ॲक्टिव्हेटेड चारकोल, असा सगळा ऐवज घरात येऊन पडला आहे. डॉक्टरांनी "दुसरे काहीही घेऊ नका" एवढेच सांगितले, कारण सांगितले नाही, आणि त्यामुळे भावाने ते मनावर घेतले नाही. मला त्याच्याशी भांडायचे नाही. यातले आत्ता काय चालेल, काय नंतरसाठी ठेवावे आणि काय मुळीच घेऊ नये, हे कारणांसह कोणी समजावून सांगितले तर तो ऐकेल असे वाटते.

प्रतिसाद १:

मी फार्मासिस्ट आहे आणि असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या यादीतील सर्वांत जास्त नुकसान करू शकणाऱ्या वस्तू वनौषधी नाहीतच. त्या आहेत लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि चारकोल. डॉक्सीसायक्लिनचा रेणू आतड्यात या धातूंना घट्ट धरून बसतो, त्यातून तयार होणारे संयुग रक्तात नीट शोषले जात नाही, आणि रुग्ण गोळी वेळेवर घेत असूनही औषधाचा काही भाग तसाच शरीराबाहेर निघून जातो. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि बिस्मथ यांचेही असेच आहे, म्हणजे आम्लपित्तावरच्या पुष्कळशा गोळ्या आणि पातळ औषधेही यात आली. लोहाची गोष्ट याहून वाईट आहे. डॉक्सीसायक्लिनचा काही भाग रक्तातून पुन्हा आतड्यात उतरतो आणि तेथून परत शोषला जातो, त्यामुळे वेळेचे अंतर ठेवले तरी लोह त्याला वाटेत गाठते. शिरेतून दिलेल्या डॉक्सीसायक्लिनची पातळीसुद्धा तोंडाने घेतलेल्या लोहामुळे घटते, हे फार पूर्वीच दिसून आले आहे. म्हणून तीव्र रक्तक्षयासाठी डॉक्टरांनीच लोह दिलेले नसेल तर कोर्स संपेपर्यंत मल्टिव्हिटॅमिन सरळ कपाटात ठेवावी. दोन आठवड्यांत त्यावाचून काहीही बिघडणार नाही. मॅग्नेशियमशिवाय झोपच येत नसेल तर ते सकाळ आणि रात्रीच्या गोळ्यांच्या मधोमध, दुपारी घ्यावे. कॅप्सूलच्या घटकांत मॅग्नेशियम स्टिअरेट असे लिहिलेले दिसले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण ते केवळ भुकटी यंत्राला चिकटू नये यासाठी अत्यल्प प्रमाणात घातलेले असते.

चारकोलबद्दल मी अजिबात मुभा देणार नाही. विषबाधेत रुग्णालयात चारकोल देतात तो पोटातील औषध शोषून घ्यावे म्हणूनच, आणि पोटातले द्रव्य विष आहे की उपचार, हे त्याला कळत नाही. बेंटोनाइट माती आणि तथाकथित डिटॉक्ससाठी विकली जाणारी इतर शोषक चूर्णे यांनाही हीच हरकत लागू होते.

आता वनौषधींकडे वळू. २०२० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी लाइम रोगाच्या जंतूंवर, म्हणजे बोरेलियावर, अनेक वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत तपासले. क्रिप्टोलेपिस, जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ, काळा अक्रोड आणि आर्टेमिसिया ॲनुआ यांचा परिणाम चांगला दिसला, आणि आपल्या भावाने वाचलेल्या बहुतेक लेखनाचे मूळ तेथेच असणार. पण त्याच प्रयोगात कालमेघाचा प्रभाव नगण्य ठरला, हे त्या लेखनात बहुधा आलेले नसते. ज्या आधारावर यादी केली, त्याच आधारावर कालमेघ यादीतून बाहेर पडतो. शिवाय हा सगळा प्रयोग काचेच्या नळीतला आहे. नळीत जंतूंवर थेट ओतलेल्या अर्काची तीव्रता कॅप्सूल गिळल्यावर रक्तात आणि सांध्यांत येते का, आली तर ती यकृताला झेपते का, याचे उत्तर रुग्णांवरील चाचण्यांतूनच मिळू शकते, आणि डॉक्सीसायक्लिनसोबत हे अर्क दिल्याने रुग्ण अधिक चांगला बरा होतो असे अशा चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. डॉक्सीसायक्लिनचे तसे नाही. सुरुवातीच्या अवस्थेत योग्य अँटिबायोटिक मिळालेले बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. जी गोष्ट हमखास काम करते आहे तिच्या वाटेत न येणे, हाच माझ्या लेखी पहिला नियम आहे.

म्हणून नॉटवीड, कॅट्स क्लॉ आणि क्रिप्टोलेपिस हे तिन्ही कोर्स संपेपर्यंत थांबवावेत असे मी सुचवीन. पहिल्या दोहोंमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, त्यामुळे वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊच नये. कॅट्स क्लॉने रक्तदाबही उतरू शकतो. आणखी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. लाइमचे जंतू वाहून आणणारी गोचीड त्याच चाव्यातून ॲनाप्लाझ्मोसिस हा दुसरा जंतुसंसर्गही देऊ शकते आणि त्यात यकृताची एन्झाइम्स वाढतात. रुग्ण त्याच वेळी चार प्रकारचे अर्क घेत असेल तर रक्ताच्या अहवालातील ती वाढ आजाराची की अर्काची, हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि नको त्या तपासण्या मागे लागतात. हळदीचे मिरीयुक्त अर्क, ग्रीन टीचे अर्क, अश्वगंधा आणि गुळवेल यांच्या पूरकांमुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यामुळे यादी वाढवताना त्यांचाही मोह टाळावा.

प्रोबायोटिक चालेल. गोळीनंतर किमान दोन तासांनी घ्यावे. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे त्यांच्या रक्तात ते शिरू शकते, त्यांना ते देऊ नये.

गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण होतो. झोपायला जाताना घोटभर पाण्यावर गोळी टाकणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. उन्हात अंग झाकावे. मन उदास आहे म्हणून कोणी सेंट जॉन्स वर्ट सुचवले तर नाही म्हणावे, कारण तेही त्वचेला उन्हाबाबत हळवे करते आणि शिवाय इतर अनेक औषधांचा परिणाम कमी करते.

प्रतिसाद २:

मला हा आजार होऊन गेला आहे आणि कोर्स संपल्यावर मी डॉक्टरांना सांगून काही वनौषधी घेतल्याही आहेत, त्यामुळे मी त्यांच्या विरोधात नाही. तरीही एका गोष्टीबद्दल फार कळकळीने लिहावेसे वाटते.

वनौषधींविषयीच्या लेखनात प्रकृती बिघडली की त्याला लगेच हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हटले जाते, म्हणजे जंतू मरत आहेत, औषध लागू पडत आहे, डोस चालू ठेवा. ही प्रतिक्रिया खरी आहे. पण ती अँटिबायोटिक सुरू केल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत येते, त्यात ताप, थंडी आणि अंगदुखी वाढते, आणि साधारण दिवसभरात ती ओसरते. आठवडा उलटल्यावर नवा अर्क सुरू केला आणि मळमळ, पुरळ किंवा ताप आला, तर ती हर्क्सहायमर नव्हे. ती ॲलर्जी असू शकते, अर्काचा दुष्परिणाम असू शकतो, किंवा त्याच गोचिडीने दिलेला बबेसिओसिस असू शकतो, ज्याचा परजीवी तांबड्या पेशींत राहतो आणि डॉक्सीसायक्लिनला दाद देत नाही. बरे वाटण्याची खूण समजून असा ताप अंगावर काढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि आपल्या भावावर ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

छातीत धडधड, भोवळ, तोंड एका बाजूला वाकडे होणे, मान आखडून तीव्र डोके दुखणे, नजर धूसर होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा पाण्यासारखे जुलाब न थांबणे, यांपैकी काहीही झाले तर पूरकांचा हिशेब करत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. जुलाब थांबवण्याची गोळीही आपल्या मनाने घेऊ नये.

थकव्याबद्दल त्याला आधीच कल्पना द्या. कोर्स संपला म्हणजे दुसऱ्या दिवशी तरतरी येते असे नाही. काहींना पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. त्या काळात धीर सुटतो आणि माणूस कशाच्याही मागे लागतो. दीर्घकाळ लक्षणे राहिलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात दोन आठवडे शिरेतून औषध दिल्यानंतर आणखी बारा आठवडे अँटिबायोटिक घेणाऱ्यांची प्रकृती नुसती दिसायला सारखी, पण औषधाविना असलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली नाही. तेव्हा थकवा राहिला म्हणून औषध कमी पडले असा निष्कर्ष लगेच काढू नये.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. भावाला हे वाचून दाखवले आणि चारकोल व मल्टिव्हिटॅमिन त्याने स्वतःहून बाजूला ठेवली. आता दोन शंका उरल्या आहेत. गोळीने त्याला मळमळते, आणि अगदीच सहन झाले नाही तर औषध बदलून अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन देता येईल असे डॉक्टर म्हणाले आहेत. तसे झाले तर वरील नियम बदलतील का? दुसरे असे की क्रिप्टोलेपिसच्या बाटलीवर आज नीट पाहिले तर त्या मिश्रणात ज्येष्ठमधही आहे. ते तर निरुपद्रवी असावे ना?

प्रतिसाद १:

मळमळीसाठी आधी गोळी जेवणासोबत घेऊन पाहावी, उपाशीपोटी नको. त्या जेवणात दूध-दही आणि चीज मात्र नसावे, कारण त्यातील कॅल्शियम आड येते. बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो.

अमॉक्सिसिलिन दिले तर धातूंचा प्रश्न राहत नाही आणि मॅग्नेशियम रात्री घेता येईल. अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत मात्र ज्येष्ठमध निरुपद्रवी नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. अझिथ्रोमायसिन हृदयाच्या विद्युतक्रियेत क्यूटी नावाचा कालावधी लांबवू शकते, आणि पोटॅशियम उतरलेले असताना तो लांबला तर ठोक्यांची लय गंभीररीत्या बिघडण्याचा धोका वाढतो. लाइम रोग स्वतःच काही रुग्णांच्या हृदयातील विद्युतवहनात अडथळा आणतो, हे लक्षात घेतले तर या वेळी हृदयावर आणखी भार का घालायचा? चिमूटभर ज्येष्ठमधाने असे होत नाही, पण टिंक्चर दिवसातून तीनदा, आठवडेच्या आठवडे घेतले जाते. शिवाय टिंक्चरमध्ये बरेच अल्कोहोल असते. टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स कधी दिली गेली तर अल्कोहोल त्यांच्यासोबत आणि त्यानंतरचे तीन दिवस वर्ज्य आहे.

डॉक्टरांकडे जाताना बाटल्यांच्या मागील घटकांच्या यादीची छायाचित्रे न्यावीत, कारण पुढच्या बाजूला एकाच वनस्पतीचे नाव आणि मागे पाच-सहा घटक, असे सर्रास आढळते. "घेऊ का?" असे विचारले की "नको" हेच उत्तर येते. त्याऐवजी प्रत्येक बाटली दाखवून, ही कोर्स संपल्यावर चालेल का आणि त्याआधी यकृताची चाचणी करावी का, असे विचारावे. मग त्याला काही सुरू करायचेच असेल तर एका वेळी एकच सुरू करावे आणि दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे काही त्रास झाला तर तो कशाने झाला हे कळेल. ज्येष्ठमध असलेली बाटली मात्र दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाकावी.