टारझन हा शब्द इतका रुळला कसा?

वाचनखूळ: पोरगं फांदीला लोंबकळलं की टारझन, कुणी उघड्या अंगाने दंड फुगवून फिरला की टारझन. ज्यांनी मूळ गोष्ट वाचली नाही की सिनेमा पाहिला नाही तेही सर्रास म्हणतात. एका कादंबरीतलं नाव एवढं सगळ्यांच्या तोंडी कसं काय बसलं?

जुनापुराणा: कादंबरी नंतरची हो, आधी १९१२ साली अमेरिकेतल्या एका मासिकात आली गोष्ट, पुस्तक १९१४ ला. लेखक एडगर राइस बरोज, हा गडी आफ्रिकेत कधी गेलाच नव्हता! १९१८ ला मूकपट आला, १९२९ पासून पेपरात चित्रपट्टी, मग रेडिओ, म्हणजे न वाचणाऱ्यापर्यंतही नाव पोचायची सोय झाली. आपल्याकडे पण वाडिया मूव्हीटोनने १९३७ लाच 'तूफानी टारझन' हा सिनेमा काढला होता.

फांदीवरचा: माझ्या मते खरं काम त्या आरोळीने केलं. १९३२ च्या सिनेमात टारझन म्हणून जॉनी वाइसमुलर आला, ऑलिंपिकमधे पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला माणूस, त्याला संवाद फारसे नाहीतच, नुसतं शरीर, वेलीवरून झोके आणि ती आरोळी. याला भाषांतर लागतच नाही ना, कुठल्याही देशातलं पोर छाती बडवून नक्कल करू शकतं. (खऱ्या जंगलातल्या वेली जमिनीतून उगवून वर चढतात, त्यामुळे असा झोका घ्यायचा तर आधी बुंधा तोडावा लागेल, पण जाऊ दे.)

शंकासुर: गंमत म्हणजे पुस्तकातला टारझन वेगळाच आहे. इंग्रज लॉर्डचा मुलगा, आईबापाच्या झोपडीतली चित्रांची पुस्तकं बघून बघून एकट्याने इंग्रजी वाचायला शिकतो, बोलायला मात्र आधी फ्रेंच शिकतो, पुढे तर कितीतरी भाषा येतात त्याला. आपण जो शब्द वापरतो त्यात यातलं काहीच नाही, नुसती ताकद आणि उड्या. "मी टारझन, तू जेन" हे वाक्यसुद्धा १९३२ च्या सिनेमात त्या शब्दांत नाहीये, तरी सगळ्यांना पाठ! आणि गोष्टीत त्याला वाढवणाऱ्या वानरांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'गोरी कातडी', गोरा माणूस जंगलाचा राजा ही त्या काळची अकड त्यात आहेच, ते कुणाला आठवत नाही हे बरंच झालं म्हणायचं.

जुनापुराणा: +१. आणि बरोजने १९२३ ला स्वतःच्याच नावाची कंपनी काढली, नावाचे हक्क घट्ट धरून ठेवले. कॅलिफोर्नियात त्याची जमीन होती, तिथल्या वस्तीचं नाव टारझाना पडलं. कागदोपत्री नाव कंपनीचं आणि बोलण्यात सगळ्या जगाचं.

वाचनखूळ: भारी! मग टारझनसोबतच्या चिंपांझीचं नाव चीता कुणी ठेवलं? लहानपणी कायम गोंधळ व्हायचा, मी आपला ठिपकेवाला प्राणी शोधत बसायचो 😄

शंकासुर: सिनेमावाल्यांनी. पुस्तकात चीता नाहीच, तिथे एनकिमा नावाचं माकड आहे.