बायोप्सीत सगळ्या पेशी सारख्याच दिसल्या, मग आजार परत आला कसा? सिंगल सेल म्हणजे नेमकं काय?

निपाणी_झूलॉजी
नमस्कार मंडळी. मी निपाणीची, सध्या बेळगावात एमएस्सी झूलॉजी शेवटचं वर्ष. प्रश्न थोडा अभ्यासाचा, थोडा घरचा, म्हणून मोठं लिहालेय. माझे काका आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत कामाला, तोंडात तंबाखू कायमची. दोन वर्षांमागं डाव्या गालाच्या आतली जखम भरंना म्हणून तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, रिपोर्टवर 'वेल डिफरन्शिएटेड' (म्हणजे पेशी बऱ्याचशा नेहमीच्या पेशींसारख्या), मार्जिन फ्री (कापलेल्या कडेला कॅन्सर नाही), सगळे म्हणाले रिपोर्ट चांगला आहे. आणि 14 महिन्यांनी मानेत गाठ आली.

आमच्या सरांच्या ओळखीनं मला ती जुनी स्लाइड बघायला मिळाली. पेशींचे पुंजके आणि मधेमधे गुलाबी मोत्यासारखे गोल, मला तरी सगळीकडं सारखंच दिसलं. सर म्हणाले आता एकेक पेशी सुटी करून वाचतात, बेंगळूरात पण करालेत. म्हणजे काय करतात? एका पेशीत असं काय वेगळं सापडणार? आणि काकांना त्याचा उपयोग होईल काय?

मलप्रभेकाठचा
ताई, मी खानापूरचा, बेंगळूरला एका लॅबमध्ये चार वर्षं हेच काम करालोय. काकांचं वाचून वाईट वाटलं.

आपल्याकडं रताळ्याची पोती भरून बेळगावच्या मार्केटला जातात बघा. पोतं काट्यावर ठेवलं तर एक रताळं साधारण केवढं ते कळतंय, खरं तळाला दोन किडकी बसलीत ते पोतं पालथं घालून एकेक हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि सगळं पोतं नासवणार ती दोनच. आधी गाठीचा तुकडा सगळा एकत्र वाटून त्यातला आरएनए, म्हणजे चालू जीन्सची पेशीत निघालेली नक्कल, मोजायचे, म्हणजे मिळायची ती पोत्याची सरासरी. तुम्हाला माहीतच आहे, डीएनए सगळ्या पेशींत जवळपास तोच, खरं 20 हजारांच्या आसपास जीन्सपैकी त्या घडीला कुठले चालू आणि कुठले बंद हे पेशीगणिक वेगळं, आणि ते आरएनएवरनं कळतं. 2009 ला केंब्रिजच्या लोकांनी उंदराच्या भ्रूणातल्या एकाच पेशीचा आरएनए असा वाचून दाखवला, आणि 2015 ला थेंबांची पद्धत आली तेव्हापासून एकाच प्रयोगात हजारो पेशी वाचता याला लागल्या.

हातानं करायचं काम सांगतो. ऑपरेशन थिएटरमधनं तुकडा बर्फात येतो आणि तिथनं घड्याळ सुरू होतं, कारण पेशी मराय लागल्या की आरएनए तुटाय लागतो. ब्लेडनं अगदी बारीक चिरायचा, एन्झाइम घालून 37 डिग्रीला ठेवायचा म्हणजे पेशी एकमेकींपासनं सुटतात, मग 40 मायक्रॉनच्या जाळीतनं गाळायचं. नंतर ट्रायपॅन ब्लू टाकून मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत तशीच चकचकीत राहते. निळ्याच जास्त दिसल्या की त्या दिवसाचं सगळं काम वाया, आणि तो तुकडा कुणीतरी माणसानं दिलेला असतोय, ते लई लागतं मनाला. जमलं तर पेशी मशीनमध्ये जातात, तिथं तेलात पाण्याचे बारीक थेंब तयार होतात आणि एका थेंबात एक पेशी आणि एक मणी अडकतो. पेशी थेंबातच फुटते, तिचा आरएनए त्या मण्याला चिकटतो आणि प्रत्येक मण्याचा बारकोड वेगळा, म्हणून नंतर सगळं एकत्र वाचलं तरी कुठला आरएनए कुठल्या पेशीचा ते कॉम्प्युटरवर वेगळं काढता येतं.

आता तुमच्या काकांच्या प्रश्नाकडं येतो. 2017 ला अमेरिकेत बोस्टनच्या गटानं तोंड-घशाच्या कॅन्सरचे 18 पेशंट घेऊन जवळपास 6 हजार पेशी अशा एकेक वाचल्या. त्यात कॅन्सरच्याच काही पेशी अशा निघाल्या की त्यांनी आपला अस्तराच्या पेशीचा गुण अर्धवट सोडलेला, म्हणजे जागा सोडून हलायच्या तयारीतल्या, आणि त्या सापडल्या गाठीच्या कडेला. ज्या गाठींत हे लक्षण जास्त, त्यांचा संबंध मानेच्या लिम्फ नोडपर्यंत (लसिका गाठींपर्यंत) आजार पोचण्याशी लागला. तुम्हाला स्लाइडवर सारखं दिसलं त्यात तुमची चूक नाही, हा फरक आकारात कमी आणि चालू-बंद जीन्समध्ये जास्त असतोय.

खरं काकांसाठी आज हे करून घ्या असं मी सांगणार नाही. हे संशोधन आहे, तोंडाच्या कॅन्सरची रोजची टेस्ट नाही. कुणी पैसे घेऊन सिंगल सेल करून औषध ठरवतो म्हणालं तर आधी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

शहापूरची_आई
मी सायन्सवाली नाही, खरं एकेका पेशीवर माझ्या पोराची ट्रीटमेंट ठरली म्हणून लिहालेय. त्याला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. पहिल्या महिन्याच्या औषधानंतर मायक्रोस्कोपमध्ये सगळं क्लियर, आम्ही घरात देवासमोर साखर ठेवली, आणि चार दिवसांनी एमआरडीचा, म्हणजे औषधानंतर कॅन्सरच्या थोड्या पेशी उरल्यात काय ते बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी समजावलं की फ्लो सायटोमेट्रीत पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरनं जातात आणि 10 हजारात एक वाईट पेशी असली तरी सापडते. त्यामुळं औषध वाढवलं. तेव्हा मला ती टेस्ट वैरीण वाटली होती. आता पोरगं पाचवीत आहे.

मलप्रभेकाठचा
अक्का, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पेशी एकेक बघायचं रोजच्या उपचारातलं उदाहरण हेच. आणि फक्त कॅन्सरलाच नाही, 2018 ला श्वासनलिकेत आयनोसाइट नावाची पेशी सापडली, शंभरात एखादीच, खरं सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं खराब करणाऱ्या जन्मजात आजारात बिघडणारा जीन सगळ्यात जास्त तिच्यातच चालू. इतकी वर्षं लक्षातच आली नव्हती.

लॅबवाला_चिकोडी
मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले तुकडे तपासायच्या लॅबमध्ये, टेक्निशियन. ताई, काकांच्या पहिल्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक कुठं आहे ते आधी बघा. स्लाइड नव्हे, काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात तो ब्लॉक. सेकंड ओपिनियनला किंवा पुढं एखादी टेस्ट लागली तर त्यातनंच नवीन काप काढतात. नंबर रिपोर्टवर वरच असतो, अर्ज दिला की मिळतो. घरी आणलात तर उन्हात, गरम जागी ठेवू नका.

निपाणी_झूलॉजी
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लॉकचं आजच विचारलं, आहे म्हणाले. गुरुवारी काकांचा स्कॅन आहे. काकूंना रताळ्याचं पोतं सांगितलं, त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी विचारलं की पोतं उपसायच्या आधीच ती दोन कुठं बसलीत ते बघता येईना काय? मला उत्तर देता आलं नाही.

मलप्रभेकाठचा
काकूंनी नेमकं विचारलं. पेशी सुट्या केल्या की कोण कुणाशेजारी होतं ते हरवतं, ही या पद्धतीची मोठी उणीव. म्हणून आता तुकडा न फोडता पातळ काप काचेवर ठेवून जागच्या जागी आरएनए वाचतात, स्पेशियल ट्रान्सक्रिप्टॉमिक्स म्हणतात त्याला, आणि काही पद्धती मेणाच्या ब्लॉकमधल्या कापावर पण चालतात. स्कॅनचं काय झालं ते कळवा ताई.